उसनें बळ

कल्याण सोडून आगगाडी दक्षिणेकडे निघाली म्हणजे विठ्ठलवाडीमागून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्थानकें ओळीनें येतात. तिन्ही नगरांचा इतिहास निरनिराळा आहे. अंबरनाथ येथें वालधुनी नदीच्या कांठीं शिलाहारांच्या काळांतील शिवालय उभें आहे. त्यावरील लेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष कोरलेलें आहे. उल्हासनगर त्या मानानें कालचें. फाळणीनंतर सिंध प्रांतांतून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या छावणीला नगराचें नांव मिळालें. बदलापूर हें पूर्वींचें नदीकांठचें लहान गांव. आज तेथें मुंबईस रोज नोकरीसाठीं जाणाऱ्या हजारों कुटुंबांची वस्ती आहे.

इतिहास निराळा असला तरी एक गोष्ट तिन्ही ठिकाणीं सारखीच दृष्टीस पडते. बाजारपेठेच्या माडीवर, इमारतींच्या तळमजल्यावर, वसाहतींच्या तोंडाशीं व्यायामशाळांच्या पाट्या आहेत. त्यांना आतां कोणी तालीम म्हणत नाहीं, जिम म्हणतात. आंत भिंतीवर पिळदार देहाच्या पुरुषांचीं मोठमोठीं चित्रें असतात आणि समोर आरसा असतो. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा कॉलेजांतून परत येतो, वजनें उचलतो, चित्राकडे पाहतो, मग आरशाकडे पाहतो. चित्रांतला देह कशानें घडला, हें मात्र चित्र सांगत नाहीं. जो प्रश्न त्या मुलाच्या मनांत येतो आणि जो सहसा तो कोणाला विचारीत नाहीं, त्या प्रश्नाला सुमारें नव्वद वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक मोठा अध्याय महाराष्ट्राच्या मल्लविद्येशीं निगडित आहे.

महाराष्ट्रांत बलोपासनेची परंपरा जुनी. पेशवाईच्या अखेरच्या काळांत बाळंभट्टदादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या नांवारूपास आणली. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं विलायतेच्या प्रवासांत रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिलें, आणि त्या धर्तीवर कोल्हापुरांत खासबागेचें कुस्तीमैदान उभारविलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं ज्या व्यायामसंस्थेचा पाया घातला, त्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक महोत्सवाच्या वेळीं देशी व्यायामप्रकार जगासमोर करून दाखविले.

या परंपरेंतील तालमीचें एक लक्षण सहज विसरलें जातें. तेथें मेहनत जशी उघड असे तसाच खुराकही उघड असे. पहाटे उठून जोर आणि बैठका, मग हौद्यांतली लाल माती, आणि त्यानंतर दूध, तूप, बदामाची थंडाई. कोणत्या पैलवानाच्या घरून किती दूध येतें, कोणाला गांवाकडून तूप येतें आणि कोणाची मजल भाकरी व हरभऱ्यांपलीकडे जात नाहीं, हें सगळ्या आळीला ठाऊक असे. वस्ताद शिष्याच्या डावांवर जशी नजर ठेवी, तशीच त्याच्या ताटावरही ठेवी. त्या काळीं सर्व कांहीं निर्मळ होतें असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं; संगनमतानें खेळलेल्या लढतीला ‘नूरा कुस्ती’ असें नांवच मराठींत आहे, आणि नांव आहे त्या अर्थीं प्रकारही होता. पण मैदानांत उतरलेला देह कशाचा बनला आहे, याविषयीं प्रेक्षकाच्या मनांत संशय नसे.

या तालमींच्या मातींतून खाशाबा दादासाहेब जाधव वर आले. कराडजवळच्या गोळेश्वर गांवीं १९२६ सालीं त्यांचा जन्म झाला; वडील स्वतः पैलवान होते. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत खाशाबा सहावे आले. तेथील कुस्ती मातीवर नव्हे, गादीवर होती. नियमही परके होते. चार वर्षांनीं हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हां पैशाची अडचण उभी राहिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि गांवोगांवच्या लोकांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें वर्गणी दिली. जुलै १९५२ मध्यें बँटम वजनाच्या गटांत खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. त्या गटांत पहिला आलेला मल्ल जपानचा इशी, दुसरा सोव्हिएट संघाचा मामेदबेकोव्ह. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. खाशाबा परत आले तेव्हां कराडच्या स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढें ते पोलिस खात्यांत फौजदार झाले, आणि १९८४ सालीं अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

ज्यांनीं वर्गणी दिली त्यांना ती कशासाठीं दिली हें ठाऊक होतें. त्या पदकांत प्राचार्यांचें घर होतें, गोळेश्वरचें दूध होतें, वडिलांची शिकवण होती. न दिसणारें असें त्यांत कांहीं नव्हतें.

तिकडे युरोपांत मात्र न दिसणारी वस्तु आधींच जन्माला आलेली होती. पुरुषाच्या शरीरांत टेस्टोस्टेरोन नांवाचा एक रस तयार होतो. दाढीमिशा, आवाजाचा घोगरेपणा आणि स्नायूंची वाढ हीं त्याचीं कामें. १९३५ सालीं बुटेनांट आणि रुझिच्का या शास्त्रज्ञांनीं हा रस प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें तयार करण्याची कृति शोधून काढली, आणि १९३९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्या दोघांत वांटलें गेलें. दुर्बळ आणि रोगग्रस्त माणसांना त्याचा उपयोग होईल ही अपेक्षा रास्त होती, व ती बऱ्याच अंशीं खरीही ठरली.

हेलसिंकीच्या सामन्यांनंतर दोनच वर्षांनीं, १९५४ सालीं, व्हिएन्ना येथें वजन उचलण्याच्या जागतिक स्पर्धा भरल्या. अमेरिकन संघाबरोबर गेलेल्या डॉ. झिगलर यांना तेथें कळलें कीं, सोव्हिएट मल्लांना हा रस टोंचून देण्यांत येतो. परत गेल्यावर त्यांनीं आपल्या खेळाडूंवर प्रयोग सुरू केले. १९५८ सालीं सिबा कंपनीनें अमेरिकेंत एक गोळी बाजारांत आणली. तिचें व्यापारी नांव डायनाबोल आणि रासायनिक नांव मेथँडिएनोन. या जातीच्या औषधांना स्टिरॉइड म्हणतात. हें नांव लक्षांत ठेवणें जरूर आहे, कारण अठ्ठावन्न वर्षांनंतर तेंच नांव महाराष्ट्राच्या एका मल्लाच्या अहवालांत उमटलें.

ही गोळी काम कसें करते? स्नायु हे प्रथिनांचे बनलेले असतात. कठोर श्रमांनीं त्यांची झीज होते आणि विश्रांतींत ती भरून निघते. गोळीनें हें भरून येणें जलद होतें. म्हणून जो माणूस एरवीं एक दिवसाआड कसून मेहनत करील, तो रोज करूं शकतो. म्हणजे गोळी घेणाऱ्यालाही घाम गाळावाच लागतो; आणि नेमकें याच ठिकाणीं त्याची बुद्धि फसते. आपण कष्ट तर केलेच आहेत, मग लबाडी ती कोणती, असें तो स्वतःला समजावतो. पण दोन माणसांनीं एकाच पेढींत पैसे ठेवले आणि एकाच्या खात्यावर गुपचूप दुप्पट व्याज जमा होऊं लागलें, तर दोघांनींही कष्टानें पैसे मिळविले होते एवढ्यावरून तो व्यवहार सचोटीचा ठरत नाहीं.

एका माणसाचा मोह पाहतां पाहतां एका राष्ट्राचें धोरण झाला. पूर्व जर्मनीच्या सरकारनें १९७४ सालीं एक गुप्त योजना मंजूर केली. तिचा क्रमांक होता १४.२५. तिच्या अन्वयें हजारों खेळाडूंना, आणि त्यांत कोंवळ्या वयाच्या मुलींनाही, निळ्या रंगाच्या गोळ्या देण्यांत आल्या. मुलींना सांगत कीं, हीं जीवनसत्त्वें आहेत. हाइडी क्रीगर या मुलीला सोळाव्या-सतराव्या वर्षापासून त्या मिळूं लागल्या. १९८६ सालीं ती गोळाफेंकींत युरोपची विजेती झाली. शरीर इतकें पालटलें कीं, पुढें शस्त्रक्रिया करून घेऊन तिनें आंद्रेआस या नांवानें पुरुषाचें आयुष्य पत्करलें. २००० सालीं बर्लिनच्या न्यायालयानें या योजनेच्या दोघां प्रमुखांना, एवाल्ड आणि ह्योप्नर यांना, दोषी ठरविलें. परंतु ज्यांच्या शरीरावर हा प्रयोग झाला त्यांचीं गेलेलीं वर्षें कोणतें न्यायालय परत देणार?

प्रतिबंध हळूहळू आला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें स्टिरॉइडांचा निषिद्ध द्रव्यांत समावेश केला तो १९७५ सालीं, आणि त्यांची तपासणी प्रथम झाली ती १९७६ सालीं माँट्रियल येथें. १९८८ सालीं सोल येथें कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर अंतर ९.७९ सेकंदांत धांवला. सारें जग थक्क झालें. तीनच दिवसांनीं त्याच्या मूत्राच्या नमुन्यांत स्टॅनोझोलोल हें स्टिरॉइड सांपडल्याचें जाहीर झालें, आणि पदक व विक्रम दोन्ही गेले. १९९९ सालीं जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली. तिला संक्षेपानें वाडा म्हणतात. भारतांत त्याच कामासाठीं नाडा ही संस्था २००५ सालीं निघाली, आणि २०२२ सालीं त्यासंबंधीं स्वतंत्र कायदा झाला.

जॉन्सनचा विक्रम पुसतां आला. पण जे विक्रम पुसतां येत नाहींत आणि मानतांही येत नाहींत, त्यांचें काय करावें? पूर्व जर्मनीच्या मारिता कोख १९८५ सालीं कॅनबेरा येथें चारशें मीटर ४७.६० सेकंदांत धांवल्या. चाळीस वर्षांत तो विक्रम कोणा स्त्रीला मोडतां आलेला नाहीं. कोख कोणत्याही तपासणींत दोषी ठरलेल्या नाहींत. तरीही त्यांच्या देशाचीं गुप्त दप्तरें उघडल्यापासून तो आंकडा उच्चारतांना जाणकार थबकतात. विक्रम शुद्ध असेल तर हा संशय त्यांच्यावर अन्याय आहे; अशुद्ध असेल तर त्यांच्यामागून धांवलेल्या दोन पिढ्यांवर अन्याय झाला आहे. या दोहोंपैकीं खरें कोणतें, हें आतां घड्याळ सांगूं शकत नाहीं. विक्रम म्हणजे केवळ आंकडा नव्हे. आंकड्यामागें असलेला विश्वास गेला कीं उरतें तें नुसतें टिपण.

आतां महाराष्ट्राकडे वळावें. मुंबईंत दुधाचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबांतला मुलगा, नरसिंग पंचम यादव, तालमींत घडला. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यानें सुवर्णपदक जिंकलें. पुढें २०११, २०१२ आणि २०१३ अशीं लागोपाठ तीन वर्षें ‘महाराष्ट्र केसरी’ हा मान त्यानें मिळविला. महाराष्ट्र सरकारनें त्याला पोलिस खात्यांत अधिकाराची जागा दिली. खाशाबांच्याच खात्यांत, पण खाशाबांहून कितीतरी वरची. २०१५ सालीं लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून त्यानें रिओच्या ऑलिंपिकसाठीं ७४ किलो गटांत भारताची जागा पक्की केली. त्या जागेवर दोन ऑलिंपिक पदकांचे धनी सुशील कुमार यांनींही हक्क सांगितला, निवडीची लढत व्हावी म्हणून ते दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेले, आणि जून २०१६ मध्यें त्यांची मागणी फेटाळली गेली.

त्यानंतर कांहीं दिवसांतच नरसिंगच्या नमुन्यांत मेथँडिएनोन सांपडलें. १९५८ सालची तीच गोळी. आपल्या खाण्यापिण्यांत कोणीतरी तें मिसळलें, असें त्यानें सांगितलें आणि पोलिसांत फिर्याद दिली. १ ऑगस्ट २०१६ रोजीं नाडाच्या समितीनें त्याचें म्हणणें मान्य करून त्याला दोषमुक्त केलें. तो रिओला पोंचला. पण वाडानें त्या निर्णयावर क्रीडा लवाद न्यायालयांत अपील केलें, आणि १८ ऑगस्टला, म्हणजे त्याची कुस्ती ठरलेली होती त्याच्या आदल्या दिवशीं, न्यायालयानें चार वर्षांची बंदी घातली. कोणी भेसळ केली हें पुराव्यानें सिद्ध झालें नाहीं, असें न्यायालयाचें मत पडलें. १९ तारखेला गादीवर त्याचें नांव पुकारलें गेलें नाहीं. मागाहून फिर्यादीचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

या प्रकरणाचा निवाडा पुन्हां करणें हें येथलें काम नव्हे. पण त्यांतून निघणारी एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. खेळाच्या नियमांप्रमाणें शरीरांत जें सांपडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. तें तेथें कसें आलें हें त्यानेंच दाखवून द्यावयाचें. नियम कठोर वाटतो. आरोप करणाऱ्यानें आरोप सिद्ध करावा, हा फौजदारी न्यायाचा सामान्य दंडक येथें उलटा होतो. परंतु तो तसा कां झाला, हें मागील इतिहास वाचला म्हणजे समजतें. ‘मला माहीत नव्हतें’ हें उत्तर चार-पांच दशकें इतक्या अपराध्यांनीं दिलें कीं, निरपराध्याच्या तोंडचें तेंच उत्तर आतां पुरेसें राहिलें नाहीं. खोट्यांनीं शब्दाची पत घालविली आणि खऱ्यांना ती पुराव्यानें विकत घ्यावी लागते. स्टिरॉइडाचें सर्वांत मोठें नुकसान तें घेणाऱ्याचें होतें अशी समजूत आहे. वास्तविक न घेणाऱ्याचेंही तितकेंच होतें. कारण त्याच्यावर विश्वास ठेवण्याची लोकांची शक्तीच क्षीण होते.

निष्काळजीपणालाही हाच नियम लागू पडतो. विरारहून लोकलनें ये-जा करून मुंबईच्या मैदानांवर घडलेला फलंदाज पृथ्वी शॉ यानें खोकल्याचें औषध घेतलें. त्यांत टर्ब्युटलीन हें निषिद्ध द्रव्य होतें. तें स्टिरॉइड नव्हे, आणि बळ वाढविण्याचा हेतु नव्हता हें क्रिकेट मंडळानें मान्यही केलें. तरी २०१९ सालीं आठ महिन्यांची बंदी चुकली नाहीं. बाटलीवरची चिठ्ठी वाचणें हाही आतां सरावाचाच भाग झाला आहे. देशाचें एकूण चित्र तर अधिक चिंताजनक आहे. २०२३ सालीं भारतीय खेळाडूंचे ५६०६ नमुने तपासण्यांत आले, त्यांत २१३ दोषी निघाले. पांच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत एवढें प्रमाण दुसऱ्या कोणाचेंही नव्हतें.

हे झाले ते खेळाडू, ज्यांची तपासणी होते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील जिममध्यें आरशासमोर उभ्या असलेल्या मुलाची तपासणी कोणी करीत नाहीं. त्याला पदक मिळवावयाचें नसतें. त्याला फक्त चित्रासारखें दिसावयाचें असतें, आणि तेंही लग्नसराईच्या किंवा सुटीच्या आंत. वैद्याच्या चिठ्ठीवांचून हीं औषधें विकण्यास कायद्याची मनाई आहे. पण ओळखीच्या माणसानें हातावर ठेवलेल्या गोळीला चिठ्ठी लागत नाहीं. तिचे परिणाम वैद्यकाला नीट ठाऊक आहेत. यकृत बिघडतें, रक्तांतील उपकारक स्निग्धांश घटतो, हृदयाची भिंत जाड होते. बाहेरून रस मिळतो म्हणून शरीर आपला रस करणें थांबवितें; वृषणें आकसतात, संततीची आशा मंदावते, आणि पुरुषत्वाच्या हौसेनें गोळी घेणाऱ्याच्या छातीला स्त्रीसारखी वाढ येते. ज्याची उंची अजून वाढावयाची आहे अशा मुलाच्या हाडांचीं टोकें वेळेपूर्वींच जुळून जातात, आणि वाढ तेथेंच थांबते.

अशा वेळीं वडील माणसें म्हणतात कीं, मुलांपुढें चांगले आदर्श ठेवा. सल्ला चांगला आहे. पण आदर्श म्हणजे काय, याचा विचार त्यांत नसतो. खेळाडूचा देह हा आदर्श होऊं शकत नाहीं, कारण तो प्रत्येकाला जन्मानें निराळा मिळतो. त्याचें पदक किंवा विक्रम हाही आदर्श होऊं शकत नाहीं, कारण तो उद्यां मोडेल किंवा हिरावून घेतला जाईल. अनुकरण करतां येतें तें एकाच गोष्टीचें: त्यानें तें कोणत्या मार्गानें मिळविलें, आणि तो मार्ग चारचौघांत सांगतां येतो किंवा नाहीं. पूर्वींच्या तालमींत ही कसोटी आपोआप लागत असे, कारण खुराक उघडा होता. आज तो बंद डब्यांतून येतो. डब्यावर परदेशी अक्षरें असतात, आणि विकणारा व शिकविणारा बहुधा एकच असतो. म्हणून जें काम वस्तादाची नजर करीत असे तें आतां घरच्या माणसांच्या वांट्यास आलें आहे. मुलगा किती वजन उचलतो हें विचारणारे वडील पुष्कळ आढळतात. डब्यांत काय आहे हें विचारणारे थोडे. हा प्रश्न दरडावून विचारण्याचा नाहीं. ताटावर बसल्या बसल्या, दूध ओततांना, जसा वस्ताद विचारी तसाच तो विचारावयाचा आहे.

१९५२ सालीं कराडहून निघालेल्या बैलगाड्यांत बसलेल्या शेतकऱ्यांपैकीं फारच थोड्यांना हेलसिंकी कोठें आहे हें सांगतां आलें असतें. कांस्यपदक म्हणजे कितवा क्रमांक, हेंही कित्येकांना ठाऊक नसेल. पण गाडींत बसलेला माणूस कोणाचा मुलगा, कोणाच्या हाताखालीं शिकला, काय खाऊन वाढला आणि कोणाच्या पैशानें गेला, हें त्यांतल्या बहुतेकांना माहीत होतें. आणि म्हणूनच त्या दिवशीं ढोल वाजवितांना कोणाचाही हात अडखळला नाहीं.